लोंबीतच मोड येणारं भात आणि डीएनएमधल्या खुणा

ऑक्टोबरमध्ये कोकणात भात कापणीला येतं आणि बऱ्याचदा नेमका तेव्हाच परतीचा पाऊस मुक्काम ठोकतो. पीक आडवं होतं, लोंब्या भिजतात आणि दाण्याला रोपावरच मोड येतात. हळव्या जाती आधी पिकतात, म्हणून त्या या पावसात जास्त सापडतात. मोड आलेलं भात भरडलं की कणी जास्त पडते, आणि बियाणं म्हणून तर ते बादच.

पण सगळ्याच जातींना असे मोड का येत नाहीत? उत्तर आहे सुप्तावस्था, म्हणजे बियाची झोप. दाण्यातलं ॲब्सिसिक आम्ल त्याला झोपवतं, जिबरेलिन उठवतं. ही झोप किती गाढ असणार, हे बऱ्याच प्रमाणात जनुकं ठरवतात.

२०१० मध्ये जपानी संशोधकांनी असं एक जनुक शोधलं, एसडीआर-४. त्यांनी ‘निप्पोनबारे’ ही जपानी जात आणि ‘कसलथ’ ही भारतातली जुनी जात यांचा संकर केला होता. कसलथकडून आलेली जनुकाची आवृत्ती झोप जास्त गाढ करते, असं दिसलं.

दुसरं उदाहरण तर मजेशीर आहे. तांदळाला लाल रंग देणारं आरसी हे जनुक सुप्तावस्थाही वाढवतं. बहुतेक पांढऱ्या तांदळात या जनुकातली डीएनएची १४ अक्षरं गळालेली असतात. म्हणजे माणसाने पांढरा भात निवडला, तेव्हा नकळत थोडी झोपही घालवली!

आता मार्कर म्हणजे काय? पत्ता सांगताना आपण ‘मारुतीच्या देवळाशेजारचं घर’ म्हणतो ना, तसंच. मार्कर ही डीएनएमधली सहज ओळखता येणारी खूण. ती जनुकापासून लांब असेल तर पुढच्या पिढ्यांत दोघांची फारकत होऊ शकते. देऊळ सापडतं, शेजारी मात्र भलताच! म्हणून खूण जनुकातच असेल तर उत्तम. वरची १४ अक्षरं ही तशीच खूण.

याचा फायदा असा, की लोंबी यायची वाटच बघावी लागत नाही. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घ्यायचा, डीएनए तपासायचा आणि हवी ती रोपं पुढे न्यायची.

मग सर्वात गाढ झोपेची जात निवडून मोकळं व्हायचं? तसंही नाही. खरिपाचंच बी लगेच उन्हाळी भातासाठी पेरायचं असेल, तर झोपाळू बी उगवणारच नाही. अशा बियांची झोप मोडायला ५० अंश सेल्सिअसला काही दिवस ठेवावं लागतं. शेतकऱ्याला हवी असते मोजकी झोप: कापणी उरकेपर्यंत टिकणारी, पेरणीआधी संपणारी.

शिवाय या गुणामागे अनेक जनुकं आहेत, आणि दाणा भरतानाचं तापमानही त्यात हात घालतं. त्यामुळे मार्करने फक्त चाळणी लागते. उरलेल्या वाणांच्या लोंब्या ओल्या ठेवून, किती दाण्यांना मोड आले हे मोजावंच लागतं. पण हजारो रोपांऐवजी मोजक्याच रोपांवर ही मेहनत करावी लागली, तर पावसात तगणारा हळवा वाण शेतकऱ्याच्या हाती काही वर्षं आधी पडू शकतो.