उसाचे पाणी, नत्र आणि गावची विहीर

बागायती भागात उसाच्या पाण्याचे आणि नत्राचे नियोजन बहुधा स्वतंत्रपणे केले जाते. पाणी कालव्याच्या पाळीप्रमाणे आणि युरिया हाती येईल त्याप्रमाणे दिला जातो. वास्तविक या दोहोंचा संबंध अत्यंत निकटचा आहे.

युरियात ४६ टक्के नत्र असते. जमिनीत त्याचे प्रथम अमोनियम व पुढे जीवाणूंच्या क्रियेने नायट्रेट बनते. अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहते. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच जाते. म्हणून खतानंतर सरी तुडुंब भरल्यास नायट्रेट मुळांच्या कक्षेखाली झिरपते. जमीन चिबड असल्यास त्याचा काही भाग वायुरूपाने उडून जातो. मग पीक पिवळे पडते आणि शेतकरी पुन्हा युरिया टाकतो. दोष पाण्याचा असताना उपचार खताचा होतो.

झिरपलेले नायट्रेट भूजलातून विहिरीत उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. अशा दूषित पाण्यात कालवलेले दूध घेणाऱ्या तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने हा दोष जात नाही. उलट पाणी आटून प्रमाण वाढते.

सुरू उसासाठी हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. सर्व नत्र युरियातून दिल्यास ४५ किलोच्या सुमारे १२ गोण्या होतात. त्यापैकी १० टक्के लागणीच्या वेळी, ४० टक्के ६ ते ८ आठवड्यांनी, १० टक्के १२ ते १६ आठवड्यांनी आणि उरलेले ४० टक्के मोठ्या बांधणीच्या वेळी द्यावे. खत वापशावर देऊन मातीआड करावे व नंतरचे पाणी हलके असावे. ठिबक संच असल्यास विद्राव्य खत थोडथोडे, पिकाच्या गरजेनुसार देता येते.

ग्रामपंचायतींनी पिण्याच्या विहिरींची नायट्रेट तपासणी नियमित करून घ्यावी व निष्कर्ष फलकावर लावावेत. शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांना समजावून सांगावेत; कृषी अधिकाऱ्यांनी माती परीक्षणाचा आग्रह धरावा. शेतात वाचलेले पाणी आणि नत्र शेतकऱ्याचा खर्च तर वाचवतेच, शिवाय गावाच्या पाणवठ्याचेही रक्षण करते.