घरातली ओल, दमा आणि डीह्युमिडिफायर

"घरात ओल आहे, मुलाला दमा आहे, डीह्युमिडिफायर घेऊ का?" हा प्रश्न कोकणातून आला तर नवल नाही. पण सणसर, भवानीनगरच्या बाजूनेही तो येतो. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षातले बरेच महिने इथली हवा कोरडी असते. त्यामुळे इथल्या घरातली ओल बहुधा जमिनीतून किंवा छतातून आलेली असते. नीरा डाव्या कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले पाणी यांमुळे घराभोवतीची काळी जमीन ओली राहते. ते पाणी जोत्यातून भिंतीत चढते, गिलावा फुगतो, भिंतीला लोणा लागतो. अशा भिंतीसमोर यंत्र लावणे म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवणे.

म्हणून आधी एक सोपी तपासणी करा. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतूनच येते आहे. तिथे गवंडी हवा, यंत्र नको. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर दोष हवेतल्या दमटपणाचा. सोबत एक हायग्रोमीटर घ्या. तो स्वस्त असतो. आर्द्रता 30 ते 50 टक्के असणे चांगले. ती सतत 60 च्या वर राहिली की बुरशी वाढते. गादी-उशांतल्या धुळीत राहणारे डस्ट माइट नावाचे सूक्ष्म जीवही दमट हवेत फोफावतात. दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असणाऱ्यांना त्रास होतो तो या दोन्हींचा.

उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खिडक्या बंद करून चालवाल तर दमटपणा तुम्हीच तयार करता. आधी खिडकी उघडा.

यंत्र घ्यायचे ठरले तर नाव नीट वाचा. ह्युमिडिफायर हवेत ओल सोडतो, डीह्युमिडिफायर ती काढतो. दुकानात गफलत होते. खोक्यावर लिहिलेले रोजचे लिटर बहुधा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. घरात पाणी त्याहून कमी निघते. काँप्रेसरचे यंत्र वाहतुकीत आडवे झाले असेल, तर उभे करून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा, मगच चालू करा. भिंतीपासून वीतभर तरी दूर, सपाट फरशीवर ठेवा. अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटमध्येच जोडा. एक्स्टेंशन बोर्ड नको. दारे-खिडक्या बंद ठेवा आणि 50 टक्क्यांवर लावा. नळी लावणार असाल तर तिला सतत उतार हवा. यंत्र खोली थोडी गरम करते, हे लक्षात असू द्या. थंडीच्या पहाटे आतल्या नळ्यांवर बर्फ धरला तर बंद करून वितळू द्या. वीज जाऊन आल्यावर सेटिंग तेच आहे का, तेही पाहा.

खरी मेहनत पुढे असते. पाण्याची टाकी रोज रिकामी करा आणि आठवड्यातून एकदा साबणाने घासून पूर्ण वाळवा. ती बुळबुळीत झाली की बुरशी घालवायला आणलेले यंत्रच बुरशीचे घर बनते. जाळी दर दोन आठवड्यांनी धुवा. ऊसतोडणीनंतर पाचट जाळण्याच्या दिवसांत काजळीने ती लवकर भरते, तेव्हा दर आठवड्याला बघा. प्लग काढल्याशिवाय हात घालू नका. भिंतीवरची बुरशी दम्याच्या रुग्णाने स्वतः खरवडू नये.

टाकीतले पाणी स्वच्छ दिसते, म्हणून काही घरांत ते "डिस्टिल्ड वॉटर" समजून ऑक्सिजन काँसंट्रेटरच्या बाटलीत घालण्याचा मोह होतो. हे कधीही करू नका. त्यात धूळ आणि जंतू असतात. ते पिऊ नका, नेब्युलायझरमध्येही घालू नका.

फक्त यंत्र लावून दमा आटोक्यात येतो, असा ठोस पुरावा नाही. त्यामुळे इनहेलर आपल्या मनाने कमी करू नका. बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इनहेलरने आराम पडत नसेल तर लगेच दवाखाना गाठा. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा वजन उतरले, तर "घरात ओल आहे म्हणून असेल" असे म्हणून थांबू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.