बर्फाच्या वाटेवर तंबूचा संसार

लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जायचं म्हटलं, की नायगारा आणि न्यूयॉर्क ठरलेलेच. पण मैत्रिणींनो, तिकडे उन्हाळ्यात गेलात तर अलास्काचा किनाराही पाहून घ्या, तोही मोटारीने आणि तंबूत राहून! आमच्या कोरेगाव भीमाकडच्या, वारीला राहुटीत तीन दगडांची चूल मांडणाऱ्या बायकांना तंबूतला संसार काही नवा नाही.

अँकरेज शहरापासून स्यूअर्ड बंदरापर्यंतचा रस्ता सुमारे 204 किलोमीटरचा. सुरुवातीला एका अंगाला उभे कातळ, दुसऱ्या अंगाला टर्नअगेन नावाची खाडी. ओहोटीला तिथला करडा चिखल उघडा पडतो. दिसायला घट्ट, पण पाय रुतला की निघत नाही आणि भरती झपाट्याने चढते. मुलांना तिथे मुळीच उतरू देऊ नये.

वाटेत पोर्टेज लागते. हिमनदी समोर दिसावी म्हणून 1986 साली तळ्याकाठी खास माहिती केंद्र उघडले. काही वर्षांतच हिमनदी मागे सरून डोंगराआड गेली! आता ती पाहायला बोटीने जावे लागते.

मुक्काम आणि स्वयंपाक

स्यूअर्डजवळच्या एक्झिट हिमनदीपाशी फक्त तंबूंसाठी 12 जागांचा तळ आहे. इथला नियम कडक : तंबूत अन्नाचा कणही ठेवायचा नाही. अस्वलाचं नाक फार तिखट! स्वयंपाक, जेवण आणि शिधा ठेवणे, सारे वेगळ्या सामाईक छपरीत. दातांची पेस्ट आणि सुवासिक साबणसुद्धा तंबूत नको.

भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असे कोरडे जिन्नस सोयीचे. मात्र अमेरिकेत उतरताना नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ अधिकाऱ्यांना सांगावा. पाऊस आणि गारठा असतो. सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत, म्हणून लोकरीचे न्यावेत. जूनमध्ये रात्रीही पुरता अंधार पडत नाही. डोळ्यांवर बांधायला काळं फडकं हवंच.

पाट्यांवरची वर्षे

हिमनदीकडे चालत जाताना वाटेवर वर्षांच्या पाट्या दिसतात. त्या त्या साली बर्फाचे टोक तिथवर होते. 1917, 1951, मग 2005, 2010. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा 2015 साली याच वाटेने गेले होते. 1951 ची पाटी आपल्या आयांच्या काळातली, 2005 ची आपल्या लेकींच्या शाळेच्या दिवसांतली. आणि 2010 च्या पाटीशी उभं राहिलं तरी बर्फ आणखी लांबच!

हिशेब घरखर्चासारखाच आहे. हिवाळ्यात पडणारे बर्फ ही जमा, उन्हाळ्यात वितळणारे हा खर्च. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवा तापवली आणि खर्च जमेपेक्षा वाढला. आपल्या मोटारीचं पेट्रोलही त्यातच आलं. म्हणून जायचं तर एकाच मोटारीत दाटीवाटीने जावं.

आपली भीमा वैशाखात रोडावते, पण पावसाळा लागला की भीमाशंकराकडून पाणी येतं, नदी पुन्हा भरते. हे बर्फ तसं पुढच्या आषाढात परत येणारं नाही. नातवंडांना बरोबर न्या, पाटीवरचं साल त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि तिथून बर्फापर्यंत किती अंतर उरलंय ते त्यांना बघू द्या.