टर्बो मोटारीचा श्वास आणि भामरागडची वाट

सुशिक्षित एकत्र कुटुंबांत मोटार घ्यावी कीं न घ्यावी हा प्रश्न आतां मागें पडला असून, घेतलेल्या मोटारींत कोणती सुधारणा करावी हा प्रश्न पुढें आला आहे. टर्बो बसविलेली गाडी घरीं आली म्हणजे तरुण मंडळी हवा घेण्याची मूळची योजना काढून अधिक मोकळी योजना बसविण्याचा आग्रह धरतात. वडीलधारीं माणसें खर्चाकडे बोट दाखवितात. आणि वाद माजघरापर्यंत जातो. दोन्ही पक्षांस उपयोगी पडावा म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल भामरागडची वाट घेतली आहे. कारण सोनें जसें अग्नींत, तशी मोटार अशाच वाटेवर पारखली जाते.

प्रथम तत्त्व पाहूं. मोटार पेट्रोल पिते असें आपण म्हणतों. वस्तुतः तिचा मुख्य आहार हवा हाच आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल नीट जळण्यास सुमारें १४.७ किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे एका लिटरमागें सुमारें ९,००० लिटर हवा इंजिनास पुरवावी लागते. ही हवा केवळ ओढून न घेतां दाबून भरली, तर लहान इंजिनहि मोठ्या इंजिनाचें काम करील, ही टर्बोमागील कल्पना. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरनें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें व १९६२ सालीं अमेरिकेंत टर्बोच्या मोटारी प्रथम विक्रीस आल्या. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या झोतानें एक चक्र फिरतें व त्याच दांड्यावरील दुसरें चक्र ताजी हवा दाबतें. हीं चक्रें मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतात. दाबलेली हवा तापते व तापलेली हवा विरळ होते, म्हणून तिला वाटेंत निवविण्यासाठीं इंटरकूलर योजिलेला असतो.

बाजारांत मिळणारी सुधारणा मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिली : मूळ पेटी तशीच ठेवून कागदी फिल्टरच्या जागीं तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हां वापरण्याजोगा फिल्टर घालणें. दुसरी : पेटीच काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसविणें. तिसरी : हवा घेण्याचें तोंड छपरापर्यंत नेणारी, स्नॉर्केल नांवाची उभी नळी. पहिल्या दोहोंनीं गाडीस बळ येतें असें विक्रेते सांगतात. त्यांत मुळींच तथ्य नाहीं असें नाहीं. हवेची वाट मोकळी झाली कीं टर्बोचे श्रम कांहींसे हलके होतात. परंतु आजच्या गाडींत हवा किती दाबावयाची हें संगणक ठरवितो. त्यानें नेमलेली मर्यादा मूळच्याच वाटेनें गांठली जात असेल, तर वाट रुंद करून बळ फारसें वाढत नाहीं; वाढतो तो आवाज. तरुणांस प्रिय असलेला ‘फुस्स’ हा ध्वनि शक्तीचा पुरावा नव्हे. शिवाय उघडा शंकु बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो. १५ अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षां ४५ अंशांची हवा सुमारें ९ टक्के विरळ असते. आणि ज्यांनीं चंद्रपूरचा उन्हाळा अनुभविला आहे, त्यांस ४५ अंश म्हणजे काय हें सांगणें नलगे.

परंतु खरा प्रश्न बळाचा नसून शुद्धतेचा आहे. चंद्रपूरच्या आसपास कोळशाच्या खाणी. पुढें एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या खाणींतून लोहखनिज वाहणारे ट्रक. आणि आलापल्लीनंतर भामरागडपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर अरण्य. मुख्य रस्ता सोडून आंतल्या गांवांकडे वळलें कीं पुढच्या गाडीची धूळ मागच्या गाडीच्या नाकांत जाते. या धुळींतील वाळूचे कण कांचेहून कठीण असतात. ते फिल्टरांतून निसटले तर टर्बोचीं पातीं झिजवितात, सिलिंडर खरवडतात व तेलांत मिसळून बेअरिंगांपर्यंत पोंचतात. हानि एका दिवसांत दिसत नाहीं. दिसते तेव्हां उपाय महाग झालेला असतो.

फिल्टर पारखण्याची आय.एस.ओ. ५०११ ही आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. तींत धूळ किती अडली, किती धूळ साठल्यावर फिल्टर तुंबला, आणि हवेस अडथळा किती झाला, या तीन गोष्टी मोजतात. विक्रेता केवळ तिसरा आंकडा सांगत असेल, तर पहिले दोन मागून घ्यावे. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवितो. सुती फिल्टरास तेल कमी पडलें तर धूळ निसटते; अधिक झालें तर तें उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतें.

दुसरा शत्रु पाणी. भामरागड हें पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांच्या संगमावर वसलें आहे. पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी जाऊन गांवाचा संबंध तुटल्याचे प्रसंग पावसाळ्यांत वारंवार घडले आहेत. हवा दाबतां येते, पाणी दाबतां येत नाहीं. तें सिलिंडरांत शिरलें कीं पिस्टन अडतो व कनेक्टिंग रॉड वांकतो. शंकु-फिल्टर खालीं बंपरजवळ असेल तर हा धोका अधिक. स्नॉर्केल येथें उपयोगी खरा, परंतु त्याचे सर्व सांधे जलाभेद्य असतील तरच; आणि गाडी वाहून जाण्यापासून तो वांचवीत नाहीं. पुलावर पाणी असतां थांबणें हाच मार्ग. पाण्यांत बंद पडलेलें इंजिन पुन्हां चालू करूं नये. साध्या विम्यांत अशी हानि बहुधा भरून मिळत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

तेव्हां आमचें मत असें : हवा आधीं शुद्ध, मग कोरडी, मग थंड, आणि शेवटीं विपुल असावी. मूळ पेटी ठेवावी. उत्तम कागदी फिल्टर घालावा व धुळीच्या वाटेवर तो पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतीआधींच बदलावा. जोराच्या हवेनें तो झाडूं नये, कागद फाटतो. फिल्टरच्या पुढील नळींत बोट फिरवून पाहावें. बोटास धूळ लागली तर कोठें तरी फट आहे असें समजावें. टर्बो व इंटरकूलर यांमधील रबरी नळ्या व त्यांचे क्लॅम्प तपासावे. तेथील एक चीर नव्या फिल्टरनें मिळणाऱ्या बळाहून अधिक बळ घालविते. एवढें करूनहि हौस उरली, तर हमी व विमा यांविषयीं लेखी विचारून मगच पैसे खर्चावे.

बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां पावसाळ्यांत तेथें पोंचणेंच दुष्कर होतें. आतां आपल्यांतील अनेक कुटुंबें तो प्रकल्प पाहण्यास मोटारीनें जातात. परंतु त्याच रस्त्यानें अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रोगीहि आणला जातो. अरण्यांत बंद पडून अरुंद रस्ता अडविणारी आपली गाडी ही मग केवळ आपली अडचण राहत नाहीं. गाडीचा श्वास निवडतांना तरुणांनीं व वडिलांनीं एवढी गोष्ट मनांत धरली, तर माजघरांतील वाद सहज मिटेल असें आम्हांस वाटतें.