तिसरी तार आणि तीस मिलिअँपिअर

जुन्या जालन्यात आणि कुंडलिकेपलीकडच्या कादराबादेत अजून माळवदाची घरं तग धरून आहेत. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि त्यांच्या कडेनं पट्टीवर खिळ्यांनी ठोकत नेलेल्या दोन तारा. एक फेज, एक न्यूट्रल. वीज आली तेव्हा घरात एक-दोन दिवे होते, फार तर रेडिओ. अर्थिंगच्या तिसऱ्या तारेची गरज कोणाला वाटली नाही. आज त्याच तारांवर फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, कूलर आणि पाण्याची मोटर चालते.

यातले कूलर आणि मोटर सर्वांत घातक. कूलर लोखंडी पत्र्याचा, आत पाणी, पाण्यात बुडालेला छोटा पंप. पंपाच्या वायरचं आवरण उकललं की पाणी आणि पत्रा दोन्हींत करंट उतरतो. कूलर चालू ठेवून बादलीनं पाणी ओतणारी बाई अनवाणी, ओल्या फरशीवर उभी असते. मोटरचंही तसंच. नळाला पाणी कित्येक दिवसांच्या खंडानं येतं, आलं की तासाभरात भरून घ्यायचं असतं. मग घाईत पिन नसलेल्या वायरची उघडी टोकं सॉकेटच्या भोकांत घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचतात. देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यामागं उच्चदाबाच्या तारांबरोबर अशी घरगुती कारणंही आहेत.

‘घरात एमसीबी आहे, काही होत नाही,’ असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. एमसीबी किंवा जुना चिनी मातीचा फ्यूज तारा जळू नयेत म्हणून असतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला सोळा अँपिअरपर्यंतचा प्रवाह धोक्याचा वाटतच नाही. माणसाच्या हाताचे स्नायू मात्र दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. त्याहून थोडा जास्त प्रवाह छातीतून काही काळ गेला की हृदयाचा ठोका बिघडतो. माणूस मरेपर्यंत एमसीबी जागचा हलत नाही.

हे मोजमाप करण्यात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार्ल्स डॅल्झील यांनी मोठं काम केलं. १९६१ साली त्यांनी गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. तत्त्व सरळ आहे. फेजनं जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलनं परत यायला हवा. कमी आला, तर उरलेला कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जातोय. तिकडं हे उपकरण सॉकेटमध्येच बसवतात, वर टेस्ट आणि रिसेटची बटणं असतात. आपल्याकडं ते मुख्य बोर्डात बसतं. त्याचं नाव आरसीसीबी, पण दुकानदार आणि वायरमन सर्रास ईएलसीबीच म्हणतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी गळतीची कमाल मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरली. त्यात लहान भाराच्या जोडण्यांना सूट मिळाली. मला ती सूट खटकते, कारण सर्वांत जुनं वायरिंग त्याच घरांत असतं.

घेताना डबीवरचा ३० मिलिअँपिअर हा आकडा पाहावा. १०० किंवा ३०० वालं आगीपासून वाचवतं, माणसाला नाही. सिंगल फेजला दोन पोलचं, आणि अँपिअर मुख्य एमसीबीपेक्षा कमी नको. इन्व्हर्टर एसी किंवा नवं वॉशिंग मशीन असेल तर ‘ए’ प्रकारचं मागावं. साधं ‘एसी’ प्रकारचं त्यांच्यातली गळती नीट ओळखेलच असं नाही.

खरी अडचण बसवल्यावर सुरू होते. जुन्या घरात आरसीसीबी लावताच तो पडतो, पुन्हा वर केला की पुन्हा पडतो. वैतागलेले घरमालक ‘डायरेक्ट करून टाका’ म्हणतात, वायरमन करून देतो आणि पैसे पाण्यात जातात. यंत्र खराब नसतं, ते खरं बोलत असतं. कुठं पावसाळ्यात मातीच्या भिंतीला ओल आलेली असते, कुठं गिझरची कॉइल फुटलेली असते. बहुतेक वेळा न्यूट्रलचा घोळ असतो. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले, तेव्हा त्यांची फेज वेगळी ओढली आणि न्यूट्रल मिळेल तिथं जोडला. आरसीसीबीतून गेलेला प्रवाह भलत्याच वाटेनं परतला की त्याला ती गळतीच दिसते. अशा वेळी एकेक सर्किट सुटं करून न्यूट्रल वेगळे करावे लागतात. काम किचकट आहे, वेळ घेतं आणि परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

त्याच वेळी सॉकेट उघडायला लावा आणि वरच्या मोठ्या भोकामागचा अर्थिंगचा स्क्रू स्वतः पाहा. पुष्कळदा तो मोकळाच असतो. कधी त्याला न्यूट्रलचा छोटा तुकडा जोडलेला असतो आणि हे सर्वांत वाईट: न्यूट्रल कुठं तुटला तर फ्रिजच्या पत्र्यावरच फेज येते. काही घरांत अर्थिंग लोखंडी नळाला बांधलेलं होतं. पुढं नळ प्लास्टिकचे झाले, तार तशीच लोंबत राहिली. अर्थिंगचा खड्डा असेल तरी उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, तेव्हा त्यात पाणी घालत राहावं लागतं.

तिसरी तार ओढणं लगेच जमणार नसेल तरी आरसीसीबी थांबवू नये. अर्थिंग नसतानाही तो अंगातून जाणारा प्रवाह ओळखतो. फरक इतकाच की धक्का क्षणभर बसतो. अमेरिकेतही तिसरी तार नसलेल्या जुन्या घरात गळती ओळखणारं सॉकेट बसवायची मुभा आहे, फक्त त्यावर ‘अर्थिंग नाही’ अशी पट्टी चिकटवावी लागते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर मात्र आरसीसीबीचा इलाज चालत नाही. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबावं. भाड्याच्या घरात बोर्डाला हात लावता येत नसेल, तर कूलर आणि मोटरपुरतं तरी ३० मिलिअँपिअरचं वेगळं संरक्षण असलेलं सॉकेट लावून घ्यावं, आणि खोली बदलताना ते काढून सोबत न्यावं.