तीन हजार भागांचं घर

‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. भाग १५४. ‘चार दिवस सासूचे’ ई टीव्ही मराठीवर नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये संपली. भाग ३ हजारांहून जास्त. म्हणजे देशमुखांच्या घरातल्या सासू-सुनेच्या कथेत अख्खी ‘हम लोग’ एकोणीस वेळा मावली असती, आणि तरी जागा उरली असती.

या ३ हजारांचा अंदाज यावा म्हणून थोडं गणित करू. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांची गोष्ट असते. ३ हजार गुणिले २२ म्हणजे ६६ हजार मिनिटं, ११०० तास. दिवसरात्र एक क्षणही न थांबता पाहत बसलं, तर जवळजवळ ४६ दिवस लागतील. घरातली बाई मात्र जाहिरातींसकट पाहत होती, त्यामुळे तिचे तास १५००. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षाला किमान १००० तास शिकवलं गेलं पाहिजे. एका मालिकेपायी दीड शालेय वर्ष. ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ १२ जानेवारी २००९ पासून चालू आहे आणि तिने ४ हजार भाग केव्हाच ओलांडले. ती पहिल्यापासून पाहणाऱ्या प्रेक्षकाची दोन शालेय वर्षं त्या एका घरात गेली आहेत.

आता शब्दांचा हिशेब. एका भागात पात्रं मिळून दीड हजार शब्द बोलतात, असं सावधपणे धरलं, तरी ३ हजार भागांत ४५ लाख शब्द होतात. एक लाख श्लोकांचं महाभारत साधारण १८ लाख शब्दांचं मानलं जातं. अडीच महाभारतं लिहून झाली, तीही दिवसाला एक अध्याय या वेगाने आणि सुट्टी जवळजवळ न घेता.

कौटुंबिक मालिका कशा बदलल्या, याची चर्चा आपण साड्या, दागिने आणि खलनायिकेच्या टिकलीपाशी आणून ठेवतो. मला खरा बदल भागांच्या आकड्यात दिसतो. गोष्टीची लांबी बदलली आणि तिने घर बदललं, माणसं बदलली, काळाची चालसुद्धा बदलली.

‘हम लोग’मागची कल्पना मेक्सिकोतून आली. तिथे मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासारखे विषय दूरचित्रवाणीच्या कथामालिकांतून घरोघर पोचवले होते. वर्ध्याचे खासदार आणि तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी तिथल्या दौऱ्यात हे पाहिलं आणि भारतातही असं काही व्हावं असं त्यांच्या मनाने घेतलं. मनोहर श्याम जोशी यांनी मालिका लिहिली, पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शित केली. मालिका सुरू झाली त्याच वर्षी देशभर प्रक्षेपक उभारण्याचा धडाका असा होता, की काही महिने जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. प्रेक्षक आणि मालिका एकाच वेळी जन्माला येत होते म्हणा ना.

बसेसर राम यांच्या त्या घरात जागा कमी आणि माणसं जास्त. लल्लूला नोकरी नाही, नन्हेला क्रिकेटर व्हायचंय, मझलीला सिनेमा खुणावतोय, छुटकीला डॉक्टर व्हायचंय, बडकीचं लग्न जमत नाही. यातली एकही अडचण घराच्या चार भिंतींत सुटणारी नाही. प्रत्येकाला उंबरा ओलांडून बाहेर जावंच लागतं. भागाच्या शेवटी अशोक कुमार समोर येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलायचे. १७ महिन्यांत प्रेक्षकांकडून ४ लाखांच्या आसपास पत्रं आली. एका भागामागे अडीच हजारांहून अधिक. कागद आणून, विचार करून, पत्ता शोधून, तिकीट लावून पाठवलेली.

पुढे उपग्रह वाहिन्या आल्या. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला. १९९४ मध्ये दूरदर्शनवर ‘शांती’ रोज दिसू लागली आणि रोजच्या मालिकेची सवय लागली. मराठीत पहिली दैनंदिन मालिका म्हणून ‘दामिनी’ ओळखली जाते. या दोन्ही मालिकांच्या नायिका पत्रकार होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोजच्या मालिकेची पहिली नायिका प्रश्न विचारायला घराबाहेर पडलेली बाई होती. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या ‘आभाळमाया’तली सुधा जोशीही शिकवणारी, कमावणारी. ‘प्रपंच’मधलं समुद्राकाठचं ‘आश्रय’ एकत्र कुटुंबाचं होतं, पण तिथे वाद व्हायचे ते विचारांचे. ती थोडक्या भागांत संपली आणि अजूनही लोक तिचं नाव काढतात.

मग ३ जुलै २०००. स्टार प्लसवर त्या एका रात्री ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ दोन्ही सुरू झाले. ‘क्योंकि’ ६ नोव्हेंबर २००८ पर्यंत चालली, भाग १८३३. त्याच निर्मितीसंस्थेची ‘कहानी घर घर की’ १६६१ भागांची, ‘कसौटी जिंदगी की’ १४२३ भागांची. तिन्ही मिळून ४९१७ भाग, म्हणजे १८०० तासांची गोष्ट. अडीच महिने अखंड चालेल इतकी.

एवढी लांब गोष्ट चालवायची तर काळाशी झटापट करावीच लागते. २००६ मध्ये ‘क्योंकि’ने एका भागातून दुसऱ्या भागात जाताना २० वर्षांची लीप घेतली. तुलसीची भूमिका करणाऱ्या स्मृती इराणी तेव्हा ३० वर्षांच्या होत्या आणि पडद्यावर आजी होत्या. एकीकडे २० वर्षं एका रात्रीत सरतात आणि दुसरीकडे एका लग्नाची हळद उतरायला दोन आठवडे लागतात. हे लेखकांच्या आळसामुळे होत नाही. कारखान्याचा वेगच तसा आहे.

आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला २६ भाग, ५७२ मिनिटं. सव्वादोन-अडीच तासांचे चार चित्रपट दर महिन्याला तयार व्हायचे, त्याच सेटवर, त्याच कलाकारांसह, बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये. एक जण कथेची दिशा ठरवतो, दुसरा पटकथा करतो, तिसरा संवाद लिहितो. संवाद कित्येकदा सकाळी सेटवर पोचतात आणि कलाकार मेकअप करता करता ते पाठ करतात. मढ आयलंडचे बंगले, गोरेगावची चित्रनगरी, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचे सेट या वेगावर चालतात. त्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. दिवसाला २२ मिनिटांचं पक्कं चित्रण देणं हे अफाट कष्टाचं काम आहे.

पण त्या वेगाची किंमत गोष्ट मोजते. ‘क्योंकि’च्या काळात रूढ झालेली एक पद्धत आठवा: एक धक्कादायक वाक्य, आणि मग घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीनदा. समजा दिवाणखान्यात आठ माणसं आहेत आणि प्रत्येक चेहऱ्याला तीन सेकंद. आठ गुणिले तीन गुणिले तीन, ७२ सेकंद. प्रत्येक भागात असा एकच धक्का धरला आणि मालिका ३ हजार भागांची असली, तर फक्त या चेहऱ्यांचे ६० तास होतात. आणि १५४ भागांची अख्खी ‘हम लोग’? तिचाही भाग २२ मिनिटांचा धरला तर साडेछप्पन्न तास. बसेसर राम यांच्या घराची सगळी कथा जितक्या वेळात सांगून झाली, त्याहून जास्त वेळ नुसते चकित झालेले चेहरे.

मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली, तेव्हा या उद्योगाचा आणखी एक आकडा उघडा पडला. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकांकडे पुढच्या भागांची बँक जेमतेम काही दिवसांची होती. ती संपली आणि वाहिन्यांवर जुने भाग सुरू झाले. बऱ्याच मालिकांचे नवे भाग जुलैच्या मध्यावर परतले. २०२१ च्या टाळेबंदीत मराठी-हिंदी युनिट गोवा, दमण, हैदराबादला गेली. गोव्यात स्थानिकांचा विरोध झाला आणि मे महिन्यात तिथली परवानगी काढून घेतली गेली. साथीच्या भरात माणसं राज्य ओलांडून जात होती, कारण उद्याचा भाग आजच हवा होता.

मालिका संपवत का नाहीत? नवी मालिका म्हणजे नवा सेट, नवे चेहरे, नव्याने प्रेक्षक जमवणं. जुनी म्हणजे साडेसातची लागलेली सवय. ही सवय मोजतात ती पद्धतही थक्क करणारी आहे. २०२० च्या सुमारास प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेच्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली २१ कोटी घरं आणि ८९ कोटी प्रेक्षक होते. मोजणीची यंत्रं होती ४४ हजारांच्या आसपास घरांत. एका घरामागे जवळपास ४८०० घरं, २० हजार माणसं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने नमुना छोटा असणं गैर नाही. पण दर गुरुवारी आकडे येतात आणि कुठला ट्रॅक वाढवायचा, कुठला गुंडाळायचा, हे त्यावर ठरतं. गोष्टीचा शेवट लेखकाच्या हातात उरत नाही. शेवट ठाऊक नसलेली गोष्ट लिहिणारा माणूस पात्राला शहाणं होऊ देऊ शकत नाही, कारण पात्र शहाणं झालं की उद्या काय दाखवणार? म्हणून सून दहा वर्षं तीच चूक करते आणि सासू दहा वर्षं तोच कट रचते. म्हणूनच घराला बाहेरचं जग लागत नाही. भाडं, बदली, लोकलची गर्दी, रेशन यांतून येणारी अडचण कधीतरी सुटते. जिन्यावर उभं राहून चोरून ऐकलेलं वाक्य मात्र हवं तेव्हा पुन्हा ऐकता येतं.

एवढं म्हणून या मालिकांना हसण्यावारी नेणं मला मान्य नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या १८० गावांतल्या सुमारे २७०० घरांची पाहणी केली. त्यातल्या २१ गावांत या दरम्यान केबल नव्याने आली. तिथे नवऱ्याची मारहाण योग्य मानणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, घरच्या निर्णयांत बाईचा शब्द वाढला. हा काळ ‘क्योंकि’ आणि ‘कहानी’च्या भरभराटीचा. पडद्यावरचं घर कितीही बंदिस्त असलं, तरी शिकलेल्या, बोलणाऱ्या बायका तिथे रोज दिसत होत्या, आणि पाहणारीने त्यातून स्वतःला हवं ते उचललं. तिकडे अफगाणिस्तानात टोलो टीव्हीवर ‘क्योंकि’ ‘तुलसी’ या नावाने दारी भाषेत इतकी पाहिली जाऊ लागली, की २००८ मध्ये तिथल्या सरकारने अशा मालिका बंद करायला सांगितलं.

गेल्या काही वर्षांत घराचं दार पुन्हा किलकिलं झालंय. ‘अग्गंबाई सासूबाई’त सुनेने सासूचं दुसरं लग्न लावून दिलं. बंगालीतल्या ‘श्रीमयी’वरून २३ डिसेंबर २०१९ ला ‘आई कुठे काय करते’ आली. तीच गोष्ट हिंदीत ‘अनुपमा’ झाली आणि तेलुगू, कन्नड, मल्याळम, तमिळमध्येही गेली. किमान सात भाषांत पन्नाशीकडे झुकलेली एकच बाई नवऱ्याच्या घरातून बाहेर पडत होती. मराठीतल्या अरुंधतीचा घटस्फोट आणि नंतरचं लग्न महाराष्ट्राने जेवणाच्या ताटावर पाहिलं, त्यावर घराघरांत बोलणं झालं. पण तिलाही आकड्याने सोडलं नाही. जवळजवळ पाच वर्षं चाललेल्या मालिकेत जुनं घर तिला पुन्हा पुन्हा मागे ओढत राहिलं, कारण ती खरोखर सुटली असती तर मालिका थांबवावी लागली असती.

ज्या मेक्सिकोकडून आपण हा प्रकार घेतला, तिथल्या कथामालिका सहसा दोनशे भागांच्या आत संपतात. कोरियाच्या तर १६ भागांतही संपतात, आणि आपल्याकडची तरुण मुलं त्या रात्र जागून पाहतात. शेवट असला की प्रेक्षक जातो, ही भीती निराधार आहे. वाहिन्यांनी मालिका सुरू होतानाच तिची भागसंख्या जाहीर करावी, लेखकाला शेवट आधी ठरवू द्यावा, आणि तो शेवट टीआरपीकडे न पाहता पाळावा. रोज अर्धा तास देणाऱ्या प्रेक्षकाचा एवढा हक्क नक्कीच आहे. तो आपण मागितला पाहिजे. दीडशे-दोनशे भाग एका कुटुंबाची गोष्ट नीट सांगायला पुरेसे आहेत.