तार आली, लाईनमन गेला

ग्रामीण महाराष्ट्रात वेगवान इंटरनेट हा आधी तांब्याच्या तारेचा, मग काचेच्या तंतूचा आणि शेवटी टॉवरच्या रेंजचा प्रश्न होऊन बसला. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ मंजूर केले, तेव्हा देशातील अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायचे ठरले होते. खर्चाचा अंदाज सुमारे २० हजार कोटी रुपयांचा होता. चौदा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक या परदेशी उपग्रह कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम ही नावे आली. जमिनीखालून यायची जोडणी आकाशाकडे मागण्याची वेळ या जिल्ह्यांवर का आली, याचे उत्तर मधल्या वर्षांत आहे.

सुरुवातीच्या वर्षांत खेड्यांसाठी सांगण्यासारखे थोडेच घडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते मोठ्या शहरांपुरते. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील सुमारे ७० गावांत ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, वजन आणि बिल गावातच कळावे, हा त्याचा खरा उपयोग. पुढे संगणकांची देखभाल जड जाऊ लागली आणि २००७ च्या सुमारास तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहण्यात आले. वारणेला जोडणीची रोजची गरज होती आणि ती चालू ठेवण्यात रस असलेली सहकारी संस्थाही होती. नंतरच्या सरकारी योजनांमध्ये नेमकी हीच गोष्ट हरवली.

तांब्याची तार त्याआधीच गावात पोचलेली होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे छोटे दूरभाष केंद्र बनवले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते पहिल्यांदा बसवले. त्याला वातानुकूलन लागत नसे, धूळ आणि उन्हाळा सोसून ते चालत असे. अशा केंद्रांमुळे नव्वदच्या दशकात आडगावांत एसटीडीचे पिवळे फलक लागले. २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा त्याच तारेवर इंटरनेट धावू लागले. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड ठरवले होते. ती व्याख्या २ एमबीपीएसवर यायला २०२३ साल उजाडले.

तांब्याच्या तारेचा गुणधर्म असा की केंद्रापासून अंतर वाढले की वेग पडतो. चार-पाच किलोमीटरपलीकडच्या वाडीवर मॉडेमचा दिवा नुसता लुकलुकत राही. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरे, फोनवर खरखर येई आणि नेट बंद पडे. त्यात राज्यात भारनियमन. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे आणि केंद्राच्या बॅटऱ्या उतरत. तरीही त्या व्यवस्थेत एक माणूस होता. खांद्याला फोन अडकवून सायकलवर फिरणाऱ्या लाईनमनला कोणत्या खांबावरचा सांधा कच्चा आहे, कोणाच्या बांधावर केबल उघडी पडली आहे, हे पाठ असे. तक्रार बाजारच्या दिवशी तोंडी सांगितली तरी पोचत असे. वेग कमी होता, पण बंद पडलेली लाईन कोण चालू करणार हे गावाला ठाऊक होते.

२०११ नंतरचे दशक या सगळ्यावर मात करील, असे वाटत होते. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाच्या स्पंदनांनी माहिती जाते. अंतराने वेग पडत नाही, विजेचा कडकडाट तिला बाधत नाही. तालुक्याच्या केंद्रातून निघालेला तंतू ग्रामपंचायतीत बसवलेल्या छोट्या पेटीत उतरायचा आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस वेग मिळायचा, अशी आखणी होती. पैसाही वेगळा होता. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून घेतल्या जाणाऱ्या आकारणीतून सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला होता, आणि तो खेड्यांसाठीच होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क ही कंपनी स्थापन झाली. अजमेरजवळील अरांई, तेव्हाच्या विशाखापट्टणम जिल्ह्यातील परवाडा आणि त्रिपुरातील पानिसागर या तीन ठिकाणी चाचणी झाली. मग मुदती सरकू लागल्या. २०१३ गेले. २०१५ मध्ये योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी साडेबारा हजारांच्या आसपास दुसऱ्या टप्प्यात ‘महानेट’ म्हणून राज्याकडे आल्या. या टप्प्याची मुदत मार्च २०१९ वरून ऑगस्ट २०२१ वर गेली आणि तीही टळली.

उशीर हा या दशकाचा मोठा दोष नव्हे. मोठा दोष आखणीतच होता. पहिल्या टप्प्यात तालुक्याकडून जाणारी तार सरळ रेषेत, एका गावामागे एक अशी ओवली होती. रस्ता रुंदीकरणात किंवा पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबीने एका जागी खोदले की पुढची सगळी गावे एकदम बंद. दुसरी वाट ठेवलेलीच नव्हती. तालुक्यापासून निम्म्या वाटेपर्यंत अनेक ठिकाणी जुनीच केबल वापरली गेली. तिच्यात आधीच सांधे भरपूर होते. आणि तार ग्रामपंचायतीच्या खोलीत येऊन थांबली. तिथून शाळेत, आरोग्य उपकेंद्रात, दूध डेअरीत, घराघरांत ती कोणी न्यायची, याची जबाबदारी कोणावर टाकलेली नव्हती. ग्रामपंचायतीचे कार्यालय दुपारनंतर बंद, वीजबिल थकले की पेटीही बंद. सरकारी तक्त्यात मात्र ते गाव जोडलेलेच राही. जोडलेल्या गावांची संख्या दर महिन्याला छापली गेली, पण चालू असलेल्या गावांचा हिशेब फारसा कोणी मागितला नाही.

याच दशकात सरकारी कामे मात्र भराभर ऑनलाइन झाली. संग्राम कक्ष, मग आपले सरकार सेवा केंद्र, रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्याला अर्ज ऑनलाइनच भरायचा होता आणि अंगठ्याचा ठसाही द्यायचा होता. सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. सर्व्हर रात्री थोडा मोकळा होई म्हणून बायाबापड्या उत्तररात्रीपर्यंत बसून राहिल्या. तार नीट येण्याआधी कागदी अर्जाची खिडकी बंद करणे हा त्या वर्षांतला सर्वांत अन्यायकारक निर्णय होता. कर्जमाफीचा अर्ज हा हक्काचा विषय होता, तो वेगाची परीक्षा घेण्याचा विषय नव्हता.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा झपाट्याने स्वस्त झाला. हमरस्त्यालगतच्या गावांना त्याचा खरा लाभ मिळाला, हे मान्य करायला हवे. शेतकऱ्याच्या हातात बाजारभाव आले, मुलांना यूट्यूबवर गणित शिकता आले. पण टॉवरचा वेग सर्वांत वाटून मिळतो. संध्याकाळी सगळे घरी आले की नेट रखडते. टॉवरला मागून फायबर नसेल, तर फोर-जीचे चिन्ह दिसूनही पान उघडत नाही. सह्याद्रीच्या कड्याआडच्या आणि सातपुड्याच्या खोऱ्यांतल्या वस्त्यांत ग्राहक थोडे, म्हणून खासगी टॉवर आले नाहीत. तिथे बहुधा बीएसएनएलचाच आधार होता, आणि खासगी कंपन्या फोर-जी विकत असताना ती थ्री-जीवरच अडकलेली होती. मेळघाटातील हरिसाल २०१६ मध्ये पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. तीनच वर्षांनी लोकसभेच्या प्रचारात त्या गावच्या सुविधा खरोखर चालतात का, यावरून राज्यभर वाद झाला.

स्वस्त मोबाइलमुळे घरोघरचे दूरध्वनी परत केले गेले. तांब्याची तार कोणालाच नको झाली. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले. ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांच्या निम्मी होती. ग्रामीण केंद्रांना कुलपे लागली. बाहेर पडलेल्या कर्मचाऱ्यांबरोबर तीस-तीस वर्षांची वाटांची, सांध्यांची, नाल्यांची माहिती गेली. ती कोणत्याही नकाशावर नव्हती.

दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी आली आणि शाळा मोबाइलवर गेली. कोकणात मुलांनी रेंजसाठी डोंगरावर ताडपत्रीची झोपडी बांधली, कुठे झाडावर, कुठे देवळाच्या कट्ट्यावर तास चालले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि दापोली-मंडणगड भागात खांब कोसळले, टॉवर मुके झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस संपर्काबाहेर राहिली. पंचायतीच्या पेटीतली तार धड असती, तर निदान शाळेला तिचा आधार झाला असता.

त्यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी एक हजार दिवसांत सर्व सहा लाख गावांत फायबर नेण्याची घोषणा केली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंत्रिमंडळाने १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार टाकायची आहे, म्हणजे एका बाजूला तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. घरापर्यंतची जोडणी गावातल्याच उद्योजकाने महसुलातील वाट्यावर द्यायची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचे स्वदेशी फोर-जीही सुरू झाले. उपग्रहाचा उपयोग अतिदुर्गम पाड्यांना होईल, पण त्याची तबकडी आणि मासिक आकार मजुरी करणाऱ्या घराला पेलणारा नाही.

नव्या कंत्राटांत तीन वर्षे उभारणीची आणि पुढची दहा वर्षे देखभालीची धरली आहेत. दहा वर्षांपूर्वी न घातलेली ही अट आता कागदावर आहे. ती जमिनीवर उतरते की नाही, हे तपासणे ग्रामसभेच्या हातात आहे. पंचायतीच्या भिंतीवर ग्रामसेवक आणि तलाठी यांची नावे लिहिलेली असतात. त्यांच्याखाली गावच्या केबलची दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, त्याचा मोबाइल क्रमांक आणि जोडणी महिन्यात किती दिवस बंद होती याचा आकडा लिहिण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत करून घ्यावा.